अकरा दिवस आणि दहा मिनिटं

आमच्या होस्टिंगच्या धंद्यात, म्हणजे लोकांच्या वेबसाइटांना सर्व्हरवर भाड्यानं जागा देण्याच्या धंद्यात, एक मेलपेटी असते. प्रत्येकाकडे असते आणि सहसा कोणी उघडत नाही. तिचं नाव ‘अब्यूज’. १९९७ च्या मे महिन्यात इंटरनेटचे रीतिरिवाज लिहून ठेवणाऱ्या मंडळींनी आरएफसी २१४२ नावाचा एक छोटासा कागद काढला. कोणत्या कामासाठी कोणत्या नावाचा पत्ता ठेवावा, एवढंच त्यात होतं. विक्रीसाठी ‘सेल्स’, अडीअडचणीला ‘सपोर्ट’, आणि तुमच्या यंत्रावरून कोणाला त्रास होत असेल तर त्याला गाऱ्हाणं घालायला ‘अब्यूज’. २००५ साली मी नागपूरच्या गोकुळपेठेत होस्टिंगचं दुकान टाकलं तेव्हा रीतीप्रमाणे ही पेटी मीही बनवली. सेल्सची पेटी दिवसातून वीसदा उघडायचो. अब्यूजची उघडली ती थेट २०११ च्या मे महिन्यात, आणि तीही एक माणूस समोरच्या खुर्चीत येऊन बसला म्हणून.

दुकान म्हणजे एका कॉम्प्लेक्सच्या तळघरातले दोन गाळे. एकात मी आणि कामाला दोन पोरं, दुसऱ्यात इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या आणि पोत्यात कोंबलेल्या जुन्या केबली. लोकांना वाटायचं सर्व्हर त्या दुसऱ्या गाळ्यात आहे. एका मंगल कार्यालयाचे मालक तर ‘आमची साइट कुठं ठेवली ते दाखवा’ म्हणून खास आले होते. सर्व्हर होता टेक्सासात. तिथल्या एका कंपनीकडून मी जागा ठोकात घ्यायचो आणि नागपुरात किरकोळीनं विकायचो, वर्षाला बाराशे रुपये. दातांचे डॉक्टर, कोचिंग क्लास, संत्र्याचे अडते, सावजी भोजनालयं, एक कीर्तनकार महाराज. एकूण ३४० गिऱ्हाइकं, आणि सगळी एकाच यंत्रावर, एकाच आयपी पत्त्यावर, म्हणजे इंटरनेटवरच्या एकाच घर नंबरावर. हा तपशील पुढे लागेल.

मे महिना, दुपारचे तीन. कूलर घरघरत होता आणि गरम वाराच फेकत होता. साठीला टेकलेला माणूस डोक्याचा दुपट्टा सोडत आत आला. हातात साडीच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी. तिच्यातून त्यांनी सायबर कॅफेत काढलेले चार प्रिंट माझ्या टेबलावर ठेवले, पालथे. मी सुलटे केले.

त्यांच्या मुलीचे फोटो होते. कॉलेजच्या गॅदरिंगमधले, साडी नेसलेली, हसणारी. फोटोत वावगं काही नव्हतं. खाली तिचा मोबाइल नंबर, आणि तिच्याच नावानं, जणू तीच बोलतेय असं लिहिलेलं एक वाक्य. ते मी इथं लिहीत नाही.

“भाऊ, हे तुमच्याकडं आहे म्हनते.”

“माझ्याकडं नाही काका. माझ्या सर्व्हरवर आहे. टाकलंय दुसऱ्या कोणी.”

“मंग सर्व्हर कोनाचा?”

“तो अमेरिकेतल्या कंपनीचा.”

“त्यायले लिवलं होतं माह्या पोरानं, इंग्रजीत. ते म्हनते तुमाले विचारा. तुमी म्हनता त्यायले विचारा.” मग जरा थांबून, “तुमाले तीन मेल टाकले. अब्यूजवर. त्या साइटवर तोच पत्ता होता.”

त्यांच्यासमोरच मी ती पेटी उघडली. चार हजारांच्या वर न वाचलेले मेल. गोळ्या, लॉटरी, नायजेरियातले राजपुत्र. पडदा खाली सरकवत होतो, ते बघत होते. त्यांचा पहिला मेल सापडला, विषय ‘विनंती’. पाच दिवसांनी दुसरा, विषय ‘दुसरी विनंती’. तिसऱ्याला विषयच नव्हता. आत एक ओळ होती: साहेब, हे कोणी वाचते का?

इथं मी काय केलं असेल असं वाटतं तुम्हाला? लगेच बंद केलं असेल. नाही केलं. त्यांना पाणी दिलं आणि माझं ठेवणीतलं भाषण दिलं. आमच्या धंद्यातल्या सगळ्यांना ते पाठ असतं: आम्ही मजकूर वाचत नाही, आम्ही फक्त जागा देतो, कोण काय मांडतं त्यात आम्ही पडत नाही, उद्या आम्हीच ठरवायला लागलो तर तेही वाईटच. सोबत पोस्टमनचं उदाहरण असतंच. पोस्टमन पत्र फोडून वाचतो का?

ते शांतपणे ऐकत होते. म्हणाले, “मी रेल्वेत पार्सल हापिसात होतो जी, तीस वर्सं. पेटी आमी बी उघडत नव्हतो. पन पेटीतून वास येऊन राह्यला, तर ते गाडीत चढवत नव्हतो.”

ह्यावर मला उत्तर सुचलं नाही. तरीसुद्धा मी आणखी तीन दिवस घेतले. ती साइट ज्याची, ते गिऱ्हाईक पोरगा होता, त्याच्या मामाकडून मला एका संस्थेचं मोठं काम मिळायचं होतं. म्हटलं आधी त्याची बाजू ऐकू. त्यानं फोन उचलला नाही. पहिल्या मेलपासून मोजले तर अकराव्या दिवशी मी पॅनेल उघडलं, यादीतलं ते खातं निवडलं आणि ‘सस्पेंड’ दाबलं. एका सेकंदाचं काम. मधल्या काळात मुलीनं कॉलेजला जाणं सोडलं होतं आणि नंबर बदलला होता. हे मला काकांनी सांगितलं, मी साइट बंद केल्याचा फोन केला तेव्हा. आभार मानले त्यांनी. ते आभार अजून बोचतात.

त्याच वर्षीच्या दिवाळीआधीची दुसरी गोष्ट. बेसा भागातल्या एका फ्लॅट स्कीमच्या रहिवाशांनी माझ्याकडे साइट केली होती. बंद लिफ्टचे फोटो, स्लॅबला गेलेली भेग, ताबा द्यायच्या तारखा आणि प्रत्यक्ष दिलेल्या तारखा, सगळं शेजारी शेजारी मांडलेलं. एक दिवस कुरियरनं जाड लिफाफा आला. बिल्डरच्या वकिलाची नोटीस, बदनामी, नुकसानभरपाई पन्नास लाख. चहा समोर होता. तो पिऊन व्हायच्या आत मी ती साइट बंद केली. दहा मिनिटं लागली असतील, त्यातली आठ नोटीस वाचण्यात गेली.

संध्याकाळी सोसायटीच्या सचिव बाईंचा फोन आला, निवृत्त शिक्षिका. “नोटीस मलाही आली आहे हो. मी नाही घाबरले. तुम्ही काऊन घाबरले?”

अकरा दिवस आणि दहा मिनिटं. बटण तेच, बोट तेच. एका बाजूला प्लास्टिकच्या पिशवीतले चार प्रिंट आणि एक निवृत्त पार्सल क्लार्क, दुसऱ्या बाजूला वकिलाचं लेटरहेड. मजकुरानं कोणाचं किती नुकसान होतंय ह्याचा माझ्या वेगाशी काडीचा संबंध नव्हता. दार कोण ठोठावतंय आणि किती जोरात, एवढ्यावर सगळं ठरलं. आणि मी स्वतःला तटस्थ समजत होतो.

कायदा काय म्हणत होता? गंमत म्हणजे त्या एप्रिलमध्येच, २०११ मध्ये, सरकारनं मध्यस्थांसाठीचे नियम काढले होते. मध्यस्थ म्हणजे आम्ही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७९ आम्हाला संरक्षण देतं: दुसऱ्याच्या मजकुराबद्दल तुम्हाला धरणार नाही, पण कळल्यावर हात बांधून बसू नका. नवे नियम म्हणत होते, बाधित माणसाची तक्रार आली की ३६ तासांत हालचाल करा. म्हणजे कागदावर काका आणि बिल्डर एकाच रांगेत होते. पण काकांना कायदा माहीत नव्हता, बिल्डरच्या वकिलाला होता. मलाही तो त्या नोटिशीतूनच कळला.

पुढे चित्र बदललं. २०१२ च्या नोव्हेंबरात बाळासाहेब ठाकरे गेले, त्यानंतरच्या बंदबद्दल पालघरच्या एका मुलीनं फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीनं लाइक केलं, आणि दोघींना अटक झाली. त्या प्रकरणानंतर श्रेया सिंघल नावाची एक तरुणी सर्वोच्च न्यायालयात गेली. २४ मार्च २०१५ ला निकाल लागला. ऑनलाइन लिहिल्याबद्दल अशा अटका करू देणारं कलम ६६अ रद्द झालं, हे सगळ्यांना आठवतं. त्याच निकालात आमच्यासाठी एक वाक्य होतं, ते फारसं कोणाला आठवत नाही: मध्यस्थाला ‘कळलं’ असं कधी धरायचं? न्यायालयाचा हुकूम किंवा सरकारची अधिसूचना आल्यावर. कोणीही नोटीस पाठवली म्हणून नाही. होस्टिंगवाल्यानं स्वतः न्यायाधीश होऊ नये, असा त्याचा अर्थ.

वाचून मला हायसं वाटलं. बिल्डरचं पत्र आता आलं असतं तर मी टेबलावर ठेवून दिलं असतं, कोर्टातून आणा म्हटलं असतं. मग लगेच दुसरं डोक्यात आलं. काकांनाही मी हेच म्हणू शकलो असतो. कोर्टातून आणा. त्या मुलीच्या नंबरवर रात्री दोन वाजता फोन येत असताना तिचा बाप कोर्टाच्या आवारात वकील शोधत फिरला असता, आणि कायद्यानं मी चोख असतो.

२०२१ च्या नियमांनी ह्यात थोडं तारतम्य आणलं. उघडेनागडे फोटो, लैंगिक दृश्यं, कोणाचं सोंग घेऊन लिहिणं, बनावट चेहरे जोडणं, असल्या गोष्टींत त्या माणसाची नुसती तक्रार पुरे, आणि तेव्हा हालचालीला मुदत होती २४ तासांची. मताचा, टीकेचा मामला असेल तर मात्र वरून हुकूम लागतो. मला ही रेघ बरोबर वाटते. माझ्या दोन्ही गोष्टी तिच्या दोन बाजूंना नीट पडतात. नियमांत आणखी पुष्कळ काही आहे, त्यातलं बरंचसं मला पटत नाही आणि काही अजून कोर्टात भांडणात आहे. तो वेगळा लेख होईल.

आता जरा मोठ्या दुकानांकडे वळू.

एखादं पान तुमच्या मोबाइलवर दिसतं तेव्हा त्यामागे एक उतरंड असते. सगळ्यात वर फेसबुक, यूट्यूब असली ॲप, ज्यांच्याबद्दल सगळे भांडतात. खाली साइटच्या नावाची नोंद करणारे रजिस्ट्रार, म्हणजे सातबारा लिहिणारे. त्या नावाचा पत्ता सांगणारं डीएनएस. जागा देणारे आमच्यासारखे. रस्ता देणारे जिओ, एअरटेल, बीएसएनएल. पैसे वळते करणाऱ्या कार्ड कंपन्या. आणि साइटच्या फाटकावर उभे राहून दगडफेक अंगावर घेणारे पहारेकरी. हा पहारेकरी नवीन लोकांना समजत नाही म्हणून सांगतो: कोणाची साइट पाडायची असेल तर हजारो यंत्रांवरून एकदम खोट्या मागण्या पाठवतात, खरं गिऱ्हाईक दारातच चेंगरतं. पहारेकरी ही गर्दी स्वतःच्या अंगावर झेलतो. त्यातली सगळ्यात गाजलेली कंपनी क्लाउडफ्लेअर. जगातल्या साधारण दर पाच साइटांतल्या एकीपुढे आपण उभे असतो, असं ती कंपनी सांगते. १८ नोव्हेंबर २०२५ ला त्यांच्या एका अंतर्गत फाइलचा आकार अचानक दुप्पट झाला, यंत्रणा कोसळली, आणि एक्सपासून चॅटजीपीटीपर्यंत सगळं आडवं झालं. माझी दोन गिऱ्हाइकंही त्यात होती. संध्याकाळभर त्यांना समजावत होतो की नागपुरात काही बिघडलेलं नाही.

तर २०१७ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत शार्लट्सव्हिलला गोऱ्या वर्चस्ववाद्यांचा मेळावा झाला, विरोध करणाऱ्यांच्या गर्दीत एकानं गाडी घातली, एक तरुणी मेली. डेली स्टॉर्मर नावाच्या नाझी साइटनं त्या मेलेल्या मुलीची टवाळी केली. रजिस्ट्रारांनी एकापाठोपाठ एक नाव काढून घेतलं. क्लाउडफ्लेअरचे प्रमुख मॅथ्यू प्रिन्स तोवर माझंच भाषण देत आले होते, फक्त इंग्रजीत आणि जास्त चांगलं. १६ ऑगस्टला त्यांनी पहारा काढला. मग आपल्याच लोकांना कळवलं, आणि ते बाहेर आलं, की मी सकाळी उठलो तो वाईट मूडमध्ये होतो आणि ह्यांना इंटरनेटवरून हाकलायचं ठरवलं; आणि हेही, की इतकी ताकद कोणाही एकाच्या हाती असू नये.

पुष्कळांनी त्यांची टर उडवली. मला तो माणूस प्रामाणिक वाटला. गोकुळपेठेच्या तळघरात बसून मी तेच केलं होतं, मामाचं काम डोळ्यापुढे ठेवून. मूड काय आणि मामा काय.

पुढे २०१९ मध्ये टेक्सासातल्या एल पासोला गोळीबार झाला, २३ माणसं मेली. मारेकऱ्यानं आधी आपलं म्हणणं ८चॅन नावाच्या निनावी चर्चेच्या साइटवर टाकलं होतं. क्लाउडफ्लेअरनं तिथूनही पहारा काढला. मग २०२२ चं किवी फार्म्स. माणसं हेरून, त्यांचे घरचे पत्ते उघडे करून त्यांना जीव नकोसा करणारी साइट. ३१ ऑगस्टला कंपनीनं मोठं निवेदन काढलं: आम्ही अग्निशमन दलासारखे, घरमालकाचं चारित्र्य बघून आग विझवत नाही. तीन दिवसांनी, ३ सप्टेंबरला, जिवाला धोका आहे म्हणून साइट अडवली.

लोक ह्या तीन दिवसांवर हसतात. मला त्या निवेदनातला दुसराच मजकूर महत्त्वाचा वाटतो. कंपनी म्हणते, आधीच्या दोन साइटी आम्ही काढल्या, त्यानंतर हुकूमशाही सरकारांकडून मागण्या वाढल्या, की अमुक मानवाधिकार संघटनेचा पहारा काढा. आणि त्या मागण्यांत बऱ्याचदा आमचेच शब्द आम्हाला वाचून दाखवलेले असायचे. म्हणजे काकांसाठी उघडलेल्या दारातून मागोमाग बिल्डर आत. २०१० च्या डिसेंबरात ॲमेझॉननं सरकारी गुप्त कागद उघड करणाऱ्या विकिलीक्सला आपल्या सर्व्हरवरून काढलं, तेव्हा कोर्टाचा हुकूम नव्हता. आदल्या दिवशी अमेरिकेतल्या एका सिनेटरच्या कार्यालयातून विचारणा झाली होती. व्हिसा, मास्टरकार्ड, पेपालनंही हात काढून घेतले. तिथं चहा संपायला किती वेळ लागला असेल कोण जाणे.

उतरंडीत जितकं खाली जाल तितकं हत्यार बोथट होत जातं, हेही सांगितलं पाहिजे. फेसबुक एक फोटो काढू शकतं. मी फोटो काढू शकत नाही, अख्खं खातं बंद करतो. माझ्या वरची कंपनी खातंही बघत नाही, आयपीच बंद करते. २०१३ साली माझ्या एका गिऱ्हाइकाची वर्डप्रेस साइट कोणी तरी फोडली आणि आत एका बँकेचं खोटं लॉगिन पान लपवलं. टेक्सासची नोटीस आली, २४ तासांची मुदत होती. कुठे आली असेल ते सांगायला नको. एव्हाना अब्यूजची पेटी मी रोज बघायचो, पण तो दिवस पुतणीच्या लग्नाचा, भंडाऱ्याला. पहाटे तीनला सगळ्या साइटी अंधारात. दातांचे डॉक्टर, निकाल लागायच्या दिवशी कोचिंग क्लास, कीर्तनकार महाराज. महाराजांनी फोन करून विचारलं, माझ्या अभंगांनी कोणाचं काय बिघडवलं?

सरकारं तर त्याहून वरताण. २००३ मध्ये मेघालयातल्या एका फुटीर गटाचं याहू ग्रुप्सवरचं एक पान अडवायचा हुकूम निघाला. रस्तेवाल्या कंपन्यांना एक पान अडवणं जमेना, त्यांनी देशभर सगळे याहू ग्रुप्स अडवले. २००६ च्या जुलैत मुंबईच्या लोकलमधल्या स्फोटांनंतर मोजक्या पानांची यादी निघाली आणि अख्खं ब्लॉगस्पॉट बंद पडलं. माझ्या आत्यानं नुकताच तिथं पाककृतींचा ब्लॉग सुरू केला होता. सांडग्यांवर सरकारचा काय राग आहे, असं ती मला रोज विचारायची. मीच काही तरी बिघडवलं असा तिचा समज आजतागायत आहे.

आणि समजा नेमकं हाकललं, तरी जातं कुठं?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबत निघते. नागपूरबाहेरच्यांना सांगतो: कागद-कापडाची राक्षसिणीसारखी भली मोठी पुतळी, एक काळी, एक पिवळी. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. सोबत त्या वर्षी लोक ज्याच्यावर चिडलेले असतील त्याचे बडगे, म्हणजे पुतळे. इतवारी-महालच्या गल्ल्यांत पाय ठेवायला जागा नसते. सगळे ओरडतात: ईडा पीडा घेऊन जा गे मारबत! रोगराई घेऊन जा गे मारबत! भ्रष्टाचार घेऊन जा, डेंग्यू घेऊन जा. मग गावाबाहेर नेऊन जाळायची. लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसून बघताना मी विचारलं होतं, घेऊन जाते ती कुठं? बाबा म्हणाले, गावाबाहेर. गावाबाहेर कोण राहतं? बाबांनी मला खांद्यावरून उतरवून चिवडा घेऊन दिला.

८चॅन तीन महिन्यांत ८कुन नावानं परत आलं. डेली स्टॉर्मर देशोदेशीचे पत्ते बदलत हिंडलं. किवी फार्म्स अजून आहे. प्रत्येक वेळी गर्दी थोडी घटते, हे खरं. रस्ता माहीत नसलेला नवा पोरगा तिथं सहज पोचत नाही, आणि ते काही कमी नाही. पण हाकलणाऱ्याला वाटतं आपण जाळून आलो, आणि खरं तर वेशीपलीकडे ठेवून आलेलो असतो. आता तर नागपूर इतकं पसरलंय की लहानपणीचं गावाबाहेर म्हणजे आजचा भरवस्तीतला चौक.

आपल्या देशातलंच बघा. २०२१ च्या जुलैत गिटहबवर, म्हणजे प्रोग्रामरांच्या कोडच्या कोठारात, मुस्लीम बायकांचे फोटो लावून त्यांचा ‘लिलाव’ मांडणारं एक ॲप निघालं. तक्रारी झाल्या, गिटहबनं काढलं. बायका पोलिसांत गेल्या. सहा महिन्यांनी, १ जानेवारी २०२२ ला, त्याच कोठारात तसलंच दुसरं ॲप, नाव वेगळं. ह्या वेळी मुंबई पोलिसांनी अटका केल्या, त्यानंतरच पहिल्या ॲपचा कर्ताही दिल्ली पोलिसांच्या हाती लागला. कोठारवाल्यानं माल उचलून बाहेर टाकला होता दोन्ही वेळा. माल आणणारे सहा महिने मोकळे होते. त्या सहा महिन्यांचा हिशेब एकट्या कोठारवाल्याच्या नावावर टाकता येत नाही, पोलिसांच्याही नावावर टाकावा लागतो.

मजकूर न वाचताही काही करता येतं, हे मला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यानं शिकवलं. १ जुलै २०१८, आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा व्हॉट्सॲपवर फिरत होती. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी गावकऱ्यांनी ठेचून मारले. व्हॉट्सॲपला निरोप वाचता येत नाहीत, तिथं कुलूप दोन्ही टोकांना आहे. म्हणून त्यांनी त्याच महिन्यात भारतात एक निरोप पुढे ढकलण्यावर पाच जणांची मर्यादा घातली. नळातून काय वाहतंय ते दिसत नाही तर नळ बारीक केला. उशिरा केला. पण केला, आणि कोणाचं तोंड न दाबता केला. २०२५ च्या मार्चमध्ये आमच्या महालात दगडफेक-जाळपोळ झाली, संचारबंदी लागली, त्या रात्री आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. त्यातल्या दुकानाच्या पाट्या दुसऱ्याच लिपीत होत्या. वर लिहिलेलं, ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’. दोन बाणांची ती खूण बघून तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी विचारलं, “हा नक्की आपल्या इथलाच आहे का?” ग्रुप शांत झाला. दोन बाण फक्त. ते बनवणाऱ्या इंजिनिअरला वहिनींचा प्रश्न कधी कळणार नाही.

माझी तीनशे चाळीसची दोनशे दहा गिऱ्हाइकं उरली आहेत. आता लोक साइट करतच नाहीत, इन्स्टाग्रामवर दुकान मांडतात. जागा देताना मी आधार आणि फोन नंबर घेतो, भेटून घेतो, त्यामुळे काही जण नाक मुरडून दुसरीकडे जातात. काढायचं असेल तर का काढलं ते लिहून गिऱ्हाइकाला देतो, आणि बिल्डरची नोटीस आली तर ती साइटवाल्याला वाचायला पाठवून कोर्टाचा रस्ता दाखवतो. चुका होतात. मागच्या वर्षी एका नवऱ्याच्या तक्रारीवरून त्याच्या बायकोचं शिवणकामाचं पान मी सहा तास बंद ठेवलं. तो म्हणत होता फोटो त्याच्या परवानगीशिवाय टाकले आहेत. फोटो ब्लाउजांचे होते. नीट बघितले असते तर कळलं असतं.

अब्यूजची पेटी सकाळी दुकान उघडलं की सगळ्यात आधी उघडतो, चहाच्याही आधी. पोरांना वाटतं सरांची ही पूजा आहे. आज सत्तावीस मेल होते. तेवीस कचरा. दोन कोणा फोटोग्राफरचे, आमच्या संत्रेवाल्यानं त्याची संत्री न विचारता वापरली म्हणून. ते खरं आहे, दुपारी बोलतो. एक यंत्रानं पाठवलेला, टेक्सासहून. आणि एक कामठीहून, हिंदीत, रात्री सव्वाबाराला लिहिलेला, विषय कोरा, आत एक लिंक आणि एक मोबाइल नंबर. लिंक उघडली, पान आमच्याच सर्व्हरवरचं आहे.

नंबर लावलाय. रिंग जातेय.